आधी बीमची खोली बघ

टिमोशेन्कोचा सिद्धांत (बीमचा वाक काढताना शिअर, म्हणजे थर एकमेकांवर सरकणं, हेही धरणारा) वाचलास म्हणून सगळीकडे तोच लावत बसू नकोस, भावा. विश्रामबागेतल्या बंगल्याचा साधा बीम घे: गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटर, खोली ४५० मिमी. मध्यभागी भार धरला तर शिअरमुळे वाक वाढतो जेमतेम ३ टक्के. तिथं शिअर न धरणारा ऑयलर-बर्नोलीचा सिद्धांत बिनधास्त चालतो. काँक्रीटच्या ईमधलीच (ताठरपणाच्या आकड्यातलीच) चूक त्याहून मोठी निघेल!

पण गाळा ३ मीटर आणि खोली १ मीटर झाली, की तोच आकडा ३२ टक्क्यांवर जातो. छेद सपाट राहिला तरी न्यूट्रल अ‍ॅक्सिसला (वाकताना ना ताणल्या, ना दाबल्या जाणाऱ्या रेषेला) काटकोनात राहत नाही, ते १९२१ च्या टिमोशेन्कोनं धरलंय. आयताकृती छेदाला त्याच्या सूत्रातला शिअर गुणांक (छेदात शिअर सारखा पसरत नाही, त्याची दुरुस्ती) ५/६ घे. साध्या आधारावर गाळा-खोली गुणोत्तर २ च्या खाली गेलं, तर हे दोन्ही सिद्धांत बाजूला ठेव आणि आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) मधलं डीप बीमचं कलम उघड.