तिहाई: तिसरा हिस्सा की तीनदा?

इंदुरात तबला शिकणाऱ्या मुलाच्या आईचा प्रश्न आहे: हिंदी पेपरात 'दो-तिहाई बहुमत' वाचतो, तिथे तिहाई म्हणजे तिसरा हिस्सा. मग तबल्यातली तिहाई आवर्तनाचा, म्हणजे तालाच्या एका फेरीचा, तिसरा हिस्सा असते, की तीनदा वाजवतात म्हणून तिहाई?

शब्द एकच, पण आवर्तनाच्या हिश्शाशी त्याचा संबंध नाही. एकच तुकडा तीनदा वाजवून शेवटचा 'धा' नेमका समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर, आणायचा, ती तिहाई. त्यातला एकेक तुकडा हा तिसरा हिस्सा. हिश्शाचं नाव पुढे सगळ्या बांधणीलाच चिकटलं असावं, असं मला वाटतं. 'तिमाही' मात्र वेगळी, तिथला 'ति' तीन महिने मोजतो. तिहाईची सख्खी बहीण 'चौथाई', आणि ती होळकरांच्या गावात कुणाला समजावून सांगायला नको.

आता हिशेब. तीनतालाच्या मात्रा, म्हणजे मोजायचे ठोके, 16. समेपासून निघून पुढच्या समेवर उतरायचं तर मोजायच्या 17, कारण ती पुढची समही धरावी लागते. नवशिके इथेच अडतात, 16 ला 3 ने भागत बसतात. 'तिट कत गदि गन धा' हे बोल मात्रेला एक असे घेतले की 5 मात्रा, तीनदा 15. उरलेल्या 2 मात्रा पहिल्या दोन 'धा'नंतर थांबायला. 'धा' पडतात 5, 11 आणि 17 वर. 17 म्हणजे सम.

या थांबण्याला 'दम' म्हणतात, म्हणून ही दमदार तिहाई. हात जोरात मारायचा असा त्याचा अर्थ नव्हे! न थांबता वाजते ती बेदम. बेदम मारातला दमही हाच, श्वासाचा.

पण दम आला की 5 हा 17 चा तिसरा हिस्सा कुठे राहिला? शेवटच्या 'धा'नंतरही एक दम मनात धरा: 18 होतात, सहा-सहाचे तीन. वाजवणारे दमदार तिहाई अशी बसवतात.

पखवाजवादक नाना पानसे यांच्या इंदुरात पखवाजाला वगळून चालणार नाही. 12 मात्रांच्या चौतालाचा ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, 'तिट कत गदि गन' यावरच संपतो. 'धा'सह हाच पाच मात्रांचा तुकडा बेदम घ्यायचा तर 11 व्या मात्रेवरून उचला. मधल्या आवर्तनातून जाऊन तिसरा 'धा' बरोबर समेवर येईल.

मराठीत तिहाई स्त्रीलिंगी, अनेकवचन 'तिहाया'. ती 'घेतात', 'बांधतात' किंवा 'वाजवतात'. कथकवाले पढंतीत, म्हणजे बोल तोंडाने म्हणताना, 'म्हणतात'ही. 'तृतीयांश' मात्र बहुमतापुरताच ठेवा.