बातमी कच्ची असताना

"प्रमोशन झालंय मॅडम. पण अजून कुणाला सांगितलं नाही," असं म्हणत तिनं पर्समधून ऑर्डरचा कागद काढला आणि चार घड्या उलगडून माझ्यासमोर ठेवला. घड्यांवर तो फाटायला आला होता. आठ दिवस ती तो रोज काढून वाचत होती आणि परत ठेवून देत होती.

माझ्याकडे सांगलीत समुपदेशनासाठी येणाऱ्या तरुण मंडळींचा हा प्रश्न नेहमीचा आहे. नोकरी लागली, परगावी जायचं ठरलं, घर घेतलं, दिवस गेले: हे सांगायचं कधी, कुणाला आणि किती? आधी सांगितलं तर नजर लागेल, उशिरा सांगितलं तर माणसं दुखावतील. हिच्या परवानगीनं तिची गोष्ट लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत. बदलीच्या गावाचं नाव, तंजावर, तेवढं तिच्याच आग्रहावरून तसंच ठेवलं आहे.

ती तेहेतीस वर्षांची, विट्याची. सरकारी बँकेत नऊ वर्षं क्लार्क. नवऱ्याचं विट्यातच दुकान, सहा वर्षांची मुलगी, घरी सासू-सासरे. परीक्षा, मुलाखत पार पडून ऑफिसर म्हणून बढती मिळाली आणि पोस्टिंग आलं तमिळनाडूत, तंजावरला. हजर व्हायला दोन आठवडे उरले होते. ऑफिसर झालं की बदली देशात कुठंही होते, हे बँकेतल्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यापायी कितीतरी बायका फॉर्मच भरत नाहीत. हिनं भरला होता. घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं, आणि तो म्हणाला होता, "बरं झालं. पगार किती वाढणार?"

माझा पहिला अंदाज चुकला. मला वाटलं, अडचण सासूची असणार. मी तिला बदलाच्या ताणाबद्दल सांगायला लागले. होम्स आणि राहे या दोन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली होती. घटनेशी जुळवून घ्यायला माणसाला किती झिजावं लागतं, त्याप्रमाणे तिला गुण. जोडीदाराचा मृत्यू १००. पण त्याच यादीत लग्नाला ५० आहेत, कामाचं स्वरूप बदलण्याला ३६, मोठं वैयक्तिक यश मिळण्याला २८, घर बदलण्याला २०. चांगल्या गोष्टीचंही ओझं होतं, तेव्हा तुला झोप लागत नाही यात नवल नाही, असं मी म्हणाले. तिनं मान डोलावली. ऐकत मात्र नव्हती.

मग मी कोरा कागद पुढं केला. "ज्यांना सांगायचंय त्यांची नावं लिही. प्रत्येकापुढं, सांगितल्यावर तो काय म्हणेल अशी भीती आहे तेवढंच." सासूबाईंपुढं तिनं लिहिलं, 'पोरीच्या शाळेचं काय'. सासऱ्यांपुढं, 'काही नाही'. मैत्रिणींपुढं, 'पार्टी'. नणंदेचं नाव लिहिलं आणि पेन थांबला. बराच वेळ थांबला. मग लिहिलं, 'म्हणून म्हणत होते'.

ते वाक्य दोन वर्षांपूर्वीचं होतं. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तीन महिने कुणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पण आनंदाच्या भरात तिनं सातव्या आठवड्यातच फोन केले. नवव्या आठवड्यात गर्भ पडला. आणि मग ज्यांना ज्यांना आनंदानं सांगितलं होतं, त्या एकेकाला तिला पुन्हा फोन करावा लागला. काहींना नाही केला, तर महिन्याभरानं बाजारात कुणीतरी पोटाकडं बघून विचारलं, "काय, कितवा?" नणंद भेटायला आली, जवळ बसली, डबाही आणला होता तिनं. आणि जाताना उंबऱ्यात म्हणाली, "म्हणून म्हणत होते, इतक्यात सांगू नये."

दोन वर्षं ही बाई मनात धरून बसली होती की आपण बोललो म्हणून ते झालं.

इथं मी घाई केली नाही. पुढचा पाऊण तास आम्ही प्रमोशनबद्दल बोललोच नाही. डॉक्टरांनी तेव्हा तिला सांगितलं असणारच, पण त्या दिवसांत कानावर पडलेलं आत पोचत नाही, म्हणून मी पुन्हा सांगितलं. राहिल्याचं कळलेल्या दर शंभर गर्भांतले साधारण १० ते २० पडतात. बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. आणि या सुरुवातीच्या काळात पडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो; तो गर्भधारणेच्या वेळीच घडून गेलेला असतो. फोन त्यानंतर कित्येक आठवड्यांनी झालेले असतात. तिनं विचारलं, "म्हणजे जिना चढले म्हणून पण नाही?" जिन्याचं तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नाही म्हणाले. मग ती रडली, आणि मी रडू दिलं.

तीन महिने गप्प राहण्याच्या रीतीला मी टाकाऊ म्हणत नाही. बातमी परत घेण्याचं दुःख काय असतं, ते जुन्या बायकांना चांगलं ठाऊक होतं, त्यातून ती आली असावी. पण तिची दुसरी बाजू जड आहे. कुणालाच सांगितलं नसेल तर गेल्यावर रडायलाही कुणी नसतं. नजरेची भीती घेऊन येणाऱ्यांना मी एवढंच विचारते: ही बातमी उद्या उलटली, तर ज्याच्या कुशीत जाऊन 'उलटली गं' म्हणता येईल, असं माणूस कोण? त्याला आजच सांगावं. बातमी कच्ची असताना सांगायची माणसं ती. बाकीच्यांना पिकल्यावर.

नोकरीच्या बाबतीत 'पिकणं' म्हणजे काय, तेही सांगून ठेवते, कारण यात मुलं फार पोळतात. तोंडी होकार म्हणजे नोकरी नव्हे. ऑफर लेटर आलं तरी हजर होईपर्यंत कंपन्या ते मागं घेतात, अशी दोन मुलं माझ्याच खुर्चीत बसून गेली आहेत. तेव्हा पेढे आणि स्टेटस हजर झाल्यावर. घरच्यांचं मात्र वेगळं. ज्यांचा रोजचा दिवस तुमच्या जाण्यानं बदलणार आहे, त्यांना सगळं ठरवून झाल्यावर सांगणं म्हणजे निकाल वाचून दाखवणं. मग ते 'पोरीच्या शाळेचं काय' म्हणाले की आपल्याला तो विरोध वाटतो. खरं तर त्यांना त्या विचारात जागा हवी असते.

हिच्या घरात असं माणूस कोण होतं? सासूबाई. मुलीचं दप्तर भरण्यापासून ताप बघण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडं. आणि त्या तेव्हा दवाखान्यात रात्रभर हिच्या पायाशी बसल्या होत्या, हे तिला त्या कागदाकडं बघताना आठवलं.

आम्ही वाक्यं ठरवली. फार नाही, चारच. आठवडाभरानं तिनं येऊन सांगितलं ते असं. आत्या (ती सासूबाईंना आत्या म्हणते) परातीत ज्वारी निवडत होत्या. ती जवळ बसली. "आत्या, माझं प्रमोशन झालंय. तंजावरला जायला सांगतायत. जायचं का नाही, माझं मलाच कळंना. म्हणून पयलं तुम्हाला सांगते." आत्यांचा हात परातीत फिरत राहिला. दोन खडे काढून बाजूला टाकले. मग विचारलं, "तितं भाकरी मिळती का?"

त्या रात्री घरात बोलणं झालं नाही. सकाळी चहा देताना आत्या म्हणाल्या, "आठ दिस पोटात ठेवलंस व्हय गं?" हा राग होता आणि तो रास्त होता. तिनं माफी मागितली, कारणही सांगितलं, दोन वर्षांपूर्वीचं. आत्यांना नणंदेचं ते वाक्य माहीतच नव्हतं.

सासऱ्यांनी मात्र आश्चर्यच दिलं. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पसरलेली आहेत. हिच्या वडिलांनीच तीस वर्षं सेलमला दुकान चालवलं. सासरे म्हणाले, "आपली पोरं दहावी झाली की मद्रास मुलखात जात्यात, तवा कोण शाळेचं इचारत नाही." सून जाणार ही गोष्ट गल्लीत पहिलीच होती, पण वाट नवी नव्हती. असं ठरलं की शाळेचं वर्ष संपेपर्यंत मुलगी आजीजवळ राहील, मे महिन्यानंतर आईकडं.

नवऱ्यालाही मी एकदा बोलावलं. माणूस वाईट नव्हता. शेली गेबल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाबद्दल त्याला सांगितलं. चांगली बातमी जवळच्या माणसाला सांगितल्यानं घटनेच्या आनंदात वेगळी भर पडते, आणि ऐकणारा मन लावून, प्रश्न विचारत, त्यात सामील होतो अशा जोडप्यांचं नातं अधिक समाधानाचं दिसतं. 'बरं झालं' म्हणून विषय संपवणं यात बसत नाही. त्यानं विचारलं, "मग काय विचारायला पाहिजे होतं?" मी म्हणाले, "निकाल कसा कळला, ते विचारा." त्यानं तिथंच, माझ्यासमोर विचारलं. ती वीस मिनिटं बोलली. कॅशच्या खिडकीत असताना मॅनेजरसाहेबांनी हाक मारली, हातातला नोटांचा गड्डा तिनं तीनदा मोजला, हे सगळं.

मिरजेहून बंगळूर, तिथून रात्रीच्या गाडीनं तंजावर, अशी ती गेली. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या महिन्यात फोन आला. आवाज बसलेला. भाषा येत नाही, ग्राहक तमिळमध्ये बोलतात, संध्याकाळी खोलीवर आलं की मुलीचा फोटो. "पेढे वाटून आलेय मॅडम. आता कुठल्या तोंडानं सांगू की करमत नाही?" हे मला आधी लक्षात यायला हवं होतं. आनंदाची बातमी धूमधडाक्यात सांगून झाली की तिच्या पोटातलं दुःख सांगायची वाट बंद होते. परगावी, परदेशी गेलेल्या कितीतरी मुलांची हीच कोंडी असते. घरचे 'कसं चाललंय' विचारतात, मुलं 'मस्त' म्हणतात. मी तिला एकच सांगितलं: मला फोन केलास तो बरोबर, आता असाच आत्यांना कर. 'मस्त' म्हणू नको. आज काय झालं ते सांग.

तिनं सांगितलं. आत्या म्हणाल्या, "रडून घे. मग जेव." आणि रोज रात्री नऊचा फोन सुरू झाला.

त्या फोनमध्ये काय असायचं, ते ती मला नंतर सांगायची. तमिळनाडूत बँकेतून दागिन्यांवरची कर्जं फार होतात. तिच्या शाखेत सोनं पारखणारा म्हातारा कारागीर काळ्या दगडावर बांगडी घासून रेघ ओढायचा, तिच्यावर आम्ल टाकायचा. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा तिला सेलमचं दुकान आणि वडील आठवले. तिनं रेघेकडं बघून कसाचा अंदाज सांगितला, तो बरोबर निघाला, आणि त्या दिवसापासून तो म्हातारा तिला रोज चार तमिळ शब्द शिकवायला लागला. मग एका रविवारी ती बृहदीश्वराच्या देवळात गेली. हजार वर्षांचं ते देऊळ, आणि भिंतीवर ओळीमागून ओळी मराठी, देवनागरीत कोरलेल्या: सरफोजीराजांच्या काळचा, १८०३ सालचा, भोसले घराण्याचा इतिहास. सासऱ्यांना व्हिडिओ कॉल लावून तिनं फोन भिंतीवरून फिरवला. ते चष्मा पुसून एकेक अक्षर लावत बसले, आणि शेजाऱ्यांना बोलावून आणलं. १८५५ पर्यंत तिथं मराठ्यांचं राज्य होतं, हे आता गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.

मे महिन्यात आत्या मुलीला घेऊन गेल्या, सोबत ज्वारीचं पीठ. महिनाभर राहिल्या. तिथल्या पाण्यात भाकरी नीट येत नाही, असं त्यांचं ठाम मत आहे.

तो नावांचा कागद तिनं जपून ठेवला होता. मागच्या भेटीत दाखवला. सगळ्या नावांवर रेघ होती, नणंदेच्या सोडून. नणंदेला बातमी कळलेली आहे, तिनं फोनवर अभिनंदनही केलं. पण ते उंबऱ्यातलं वाक्य अजून दोघींच्या मधे आहे. "दिवाळीला येणार आहे ती," ती म्हणाली, "तेव्हा बोलेन बहुतेक." मी कागद घडी घालून तिला परत दिला.