कलाप्रश्न : माणूस एक, हात तीन

प्रश्न : तय्यब मेहतांच्या चित्रात माणूस एक आहे की दोन, हेच कळत नाही. मधून तिरका पट्टा गेलेला. अर्थ लावायचा कुठून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अर्थ राहू द्या, आधी अवयव जुळवा. डोकं शोधा, मग मान, मग खांदा. खांद्यापासून हात धरा आणि नजरेनं पंजापर्यंत जा. वाटेत पट्टा आडवा येतो. पलीकडे हाताचा रंग बदलतो, नाहीतर तो भलत्याच धडाला जाऊन चिकटतो. नजर अडखळली ती जागा सोडू नका. चित्रातला ताण तिथेच आहे. आता छाया शोधा. ती जवळपास नाहीच, रंग सपाट आहेत. शरीराचं वजन फक्त बाह्यरेषेवर तोललेलं आहे, पायाखाली जमीनही नाही. म्हणून उभा माणूससुद्धा पडतोय असं वाटतं.

‘पट्टा म्हणजे फाळणी’ हे उत्तर फार झटपट मिळतं. 1947 च्या दंगलीत मुंबईत त्यांनी माणूस मारला जाताना पाहिला होता, हे खरं. पण पडणारी आकृती त्यांच्या चित्रांत पट्ट्याच्या आधीपासून आहे. पट्टा आला 1969 च्या सुमारास. त्याआधी न्यूयॉर्कच्या मुक्कामात अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनचे सपाट रंगांचे भव्य कॅनव्हास त्यांनी पाहिले, आणि जाड थरांचं रंगलेपन मागे पडलं. तेव्हा पट्टा आधी रचना म्हणून वाचा : तो कॅनव्हास कोनाकोनी चिरतो, आणि आकृतीला मोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. दुःखाचा विचार त्यानंतर.

मोबाइलवर मात्र हे जमणार नाही. माणसाएवढी आकृती बोटभर झाली की नुसतं छान डिझाइन दिसतं.

प्रश्न : चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांच्या माणसांचे डोळे कपाळावर का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : मोजपट्टी घ्या. खऱ्या चेहऱ्यात डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात. गोव्यातल्या साळगावच्या या चित्रकारानं ते वर सरकवले, की कपाळ गायब आणि खाली उरतात नाक, जबडा, दात. विचाराची जागाच काढून घेतली, म्हणून चेहरा हिंस्र दिसतो. मग गळ्याखाली बघा : बऱ्याचदा तिथे नीटनेटका कोट-टाय असतो, आणि खरी चपराक त्या कोटाला आहे.