मंडईत आत जायचं की बाहेरूनच घ्यायचं?

प्रश्न : आम्ही लातूरहून पुण्यात शिफ्ट झालो. भाजी ॲपवरून येते, पण शेजारच्या काकू म्हणतात एकदा मंडईत जाच. आतल्या गाळ्यांवर बाहेरच्यापेक्षा महाग असतं म्हणे, मग आत कशाला जायचं? आणि जवळपासचा माल ओळखायचा कसा?

उत्तर : काकूंचं ऐका! रोजची मेथी-कोथिंबीर बाहेर बसलेल्या मावशींकडून घेतली तरी चालेल, जुडी सोडून आतली काडी मात्र बघून घ्या, वरून हिरवीगार आणि आत पिवळी पडलेली असं होतं कधीकधी. पण निवडक माल हवा असेल तर आत जा. उंच ओट्यावर गाळेवाले बसलेले असतात, भाजी पायऱ्यापायऱ्यांनी रचलेली, आणि आज करायचीय की परवा एवढं सांगितलं की ते स्वतःच त्या हिशोबाने टोमॅटो काढून देतात, हे ॲपवाला कुठून करणार?

आणि आत गेलात की वर पण बघा, तो अष्टकोनी मनोरा. १८८६ सालची इमारत आहे ही, तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट म्हणायचे. त्याआधी बाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. जोतीराव फुले नगरपालिकेत सभासद होते, त्यांनी या खर्चाला विरोध केला होता, म्हणाले हा पैसा शिक्षणावर घाला. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला फुल्यांचंच नाव दिलं गेलं. मला तर प्रत्येक वेळी गेले की हे आठवतंच, आणि नव्या माणसाला आवर्जून सांगते.

जवळचा माल ओळखायचा सोपा उपाय म्हणजे सीझन. पावसाळ्यात पुरंदरचा मटार येतो, पाठोपाठ तिकडचीच सीताफळं. जे सगळ्या गाळ्यांवर ढिगाने दिसतं आणि भाव उतरलेला असतो ते बहुतेक वेळा जवळचंच, आणि तरी "कुठला माल?" असं सरळ विचारा, कोणी रागवत नाही. ठोक बाजार कधीच गुलटेकडीला मार्केट यार्डात गेलाय, त्यामुळे इथे किलो-अर्धा किलोवाल्यांचं नीट स्वागत होतं.

गाडी नेऊ नका, पार्किंगमध्येच जीव जाईल. आता मंडईला मेट्रो थांबते. आणि उन्हाळ्यात पुरंदरचे अंजीर दिसले तर ते सगळ्यात शेवटी घ्या, पिशवीत वरच ठेवा आणि त्याच दिवशी संपवा.