पुरात कोकण रेल्वे बंद पडली की पुणे-मिरज-लोंढा मार्गाचा खरंच उपयोग होतो का?

हो, खूप होतो. जुलै 2024 मधे गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात पाणी आलं तेव्हा बऱ्याच गाड्या पनवेल-पुणे-मिरज-लोंढा करत मडगावला काढल्या, वेळ भरपूर जास्त लागतो पण गाडी रद्द होण्यापेक्षा ते कधीही बरं, विशेषतः केरळपर्यंत जाणाऱ्यांना. मधल्या रत्नागिरी, कणकवली, कुडाळच्या लोकांना मात्र त्याचा काही फायदा नाही, त्यांना एसटीच बघावी लागते, आणि हे कुणी बोलत नाही याचं वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे याच मार्गावर लोंढा आणि मडगावच्या मधे कॅसलरॉक ते कुळे घाट लागतो, तिथे 1 ला 37 चा चढ आहे (म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर), वर चढताना मागून जादा इंजिनं लावावी लागतात, त्यामुळे हव्या तितक्या गाड्या तिकडून पाठवताच येत नाहीत.

आणि पाऊस दोन्हीकडे एकदमच पडतो ना! जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीच्या पुरामुळे मंगळूर-मुंबई गाडी मडगाव-लोंढा-मिरज अशी वळवली आणि तीच या घाटात दूधसागरजवळ दरड कोसळून रुळावरून घसरली. म्हणून पर्यायी मार्ग हवाच, पण त्या घाटातल्या दरडींचं काम आणि कोकण रेल्वेचं राहिलेलं दुपदरीकरण दोन्ही व्हायला पाहिजे.