क्वांटमध्ये १६४ आणि साठ लाखांचं लोन

नाशिकच्या एका वाचकाचा मेल आलाय, थोडक्यात असा. वय २६, पुणे युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल, नंतर पुण्यातच आयटीत चार वर्षं. अमेरिकेत क्वांट फायनान्सचं, म्हणजे गणित वापरून बाजारातल्या किमती आणि जोखीम मोजायच्या कामाचं, मास्टर्स करायचंय, जीआरई या प्रवेश परीक्षेत क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, १७० पैकी १६४ आलेत, एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर) एकदा बॅक राहिला होता. खर्चाचा अंदाज ८५ लाख, त्यात साठचं लोन नाशिकचा फ्लॅट तारण ठेवून, बारा स्वतःचे आणि तेरा वडिलांच्या पीएफमधून, आणि वडील तीन वर्षांत रिटायर होतायत. विचारतोय की यंदाच अप्लाय करू की परत परीक्षा देऊ, "सर, सगळीकडून रिजेक्ट आले तर वर्ष वाया जाईल ना?"

वयाने लहान आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. रिजेक्ट आले तर तुझं जाईल काय? सहा ठिकाणच्या अर्जांची फी, म्हणजे साठ-सत्तर हजार रुपये. मला काळजी वाटते ती अ‍ॅडमिटची. १६४ वर आनंदाने घेणारे प्रोग्रॅम अमेरिकेत भरपूर आहेत आणि प्लेसमेंट मधली-खालची असली म्हणून त्यांची फी काही स्वस्त होत नाही, आणि अ‍ॅडमिट हातात आलं की घरात पेढे वाटले जातात, मग "नको" म्हणायची हिंमत कोणाची होत नाही.

आता स्कोअरचं बोलू. वरच्या नावांकडे, म्हणजे प्रिन्स्टन, बरूक, बर्कली, कार्नेगी मेलन वगैरे, अर्ज करणाऱ्या गर्दीत १६८ ते १७० वाले ढिगाने असतात. १६४ म्हणजे दार बंद असं नाही, पण मेकॅनिकलचा माणूस, एम-थ्री बॅक आणि वर १६४, हे तिन्ही एकत्र वाचलं की समोरच्याला शंका येतेच की याला गणित झेपेल का. शंका गणिताची आहे, तर उत्तरही गणितानेच द्यावं लागेल, एसओपीमध्ये (अर्जासोबतच्या स्वतःबद्दलच्या निबंधात) लहानपणापासून शेअर बाजाराची आवड होती लिहून काही होत नाही. (ते वाक्य लिहिलं असशील तर काढून टाक.)

जीआरई २१ दिवसांनी परत देता येते, वर्षात पाच वेळा चालते, आणि कुठला स्कोअर पाठवायचा ते तूच ठरवतोस, त्यामुळे परत दिल्याने नुकसान काही नाही. फी वीस-बावीस हजारांच्या घरात. सोबत एनपीटीईएलवर, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या ऑनलाइन कोर्सेसच्या साइटवर, प्रोबॅबिलिटी आणि लिनियर अल्जेब्रा कर, शिकणं फुकट आहे, सर्टिफिकेटची परीक्षा हजार रुपयांची, पण ती सेंटरवर जाऊन द्यावी लागते म्हणून तिला वजन आहे. सी-प्लस-प्लस येत नसेल तर बरूक आणि क्वांटनेट (क्वांटवाल्यांची वेबसाइट) यांचा ऑनलाइन कोर्स आहे, तो महाग आहे, पण या लाइनमधले लोक ओळखतात. हे सगळं धरून खर्च दीड-दोन लाख. साठ लाखांच्या लोनआधी हे दोन लाख घालवायला मी तरी अजिबात कचरणार नाही.

आता लोनचा हिशोब, कारण तुझ्या मेलमध्ये हप्त्याचा आकडाच नव्हता. व्याज ११ टक्के धर, कोर्स आणि नंतरचे सहा महिने मिळून दोन वर्षं हप्ता नाही पण व्याज साचतंच, सगळे पैसे सुरुवातीलाच उचलले तर तेरा लाखांपर्यंत जातं. मग ७३ लाखांवर दहा वर्षांचा हप्ता बसतो महिना एक लाखाच्या जवळ. न्यूयॉर्कमध्ये क्वांटची नोकरी लागली तर हे अकराशे डॉलर होतात, डॉलर नव्वदचा धरून, आणि आरामात फिटतात. पण परत यावं लागलं आणि इथे बावीस लाखांचं पॅकेज मिळालं तर हातात दीड लाखाच्या आत येतील, त्यातला लाख बँकेचा, आणि फ्लॅट तारण असताना हप्ता चुकवून चालत नाही.

परत यावं लागणं ही काही दूरची गोष्ट नाही. एसटीईएम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) प्रोग्रॅम असेल तर ओपीटीची, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायच्या परवानगीची, तीन वर्षं मिळतात, पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये नवीन अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली, नंतर खुलासा आला की तिथेच शिकून स्टेटस बदलणाऱ्यांना ती नाही, बरं झालं, पण दहा वर्षांचं कर्ज अशा खुलाशांवर उभं करायचं का ते तू ठरव.

म्हणून माझं मत असं. यंदा अप्लाय कर, पण चार-पाच ठिकाणीच, आणि प्रत्येक ठिकाणचा प्लेसमेंट रिपोर्ट आधी वाच. त्यात सरासरी पगार बघू नकोस, किती टक्के लोकांना तीन महिन्यांत नोकरी लागली आणि पदाचं नाव काय ते बघ, क्वांट म्हणून गेलेला मुलगा रिपोर्टिंग अ‍ॅनालिस्ट झालेला असतो कधीकधी. बरूक यादीत ठेव, ते सरकारी युनिव्हर्सिटीचं कॉलेज आहे, फी बरीच कमी, मात्र वर्ग छोटा आणि शिरणं महाकठीण. बर्कली एका वर्षात संपतं, कार्नेगी मेलन सोळा महिन्यांत, म्हणजे पगार बुडतो तो तेवढाच. ज्या प्रोग्रॅमचा रिपोर्टच सापडत नाही तिथे अर्जाची फीसुद्धा भरू नकोस. यातल्या कोणी घेतलं नाही तर पुढच्या वर्षी नव्या स्कोअरने, आणि मधल्या काळात मुंबई-पुण्यातल्या बँकांच्या रिस्क किंवा मॉडेल व्हॅलिडेशन (बँकेची गणिती मॉडेल्स तपासणाऱ्या) टीममध्ये शिरायचा प्रयत्न कर, आयटीच्या पाचव्या वर्षापेक्षा त्याचं वजन जास्त पडेल.

वडिलांच्या पीएफला हात लावायचा नाही, यावर चर्चा नको. ते तेरा लाख कमी पडत असतील तर तो प्रोग्रॅम तुझ्या बजेटच्या बाहेर आहे. लोनमधून थेट बाहेर गेलेल्या फीवर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो टॅक्स) नाही, स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांच्या वर पाठवलेस तर कापतात पण रिटर्नमध्ये परत मिळतो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची इन्कम टॅक्समध्ये पूर्ण वजावट (जुन्या कायद्यातलं कलम ८०ई) आठ वर्षं आहे, फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये, आणि पगार अमेरिकेत असेल तर तिचा तुला काही उपयोग नाही, त्यामुळे बँकवाला "टॅक्स वाचेल" म्हणाला तर मान डोलावून पुढे जा.

एक राहिलंच, लोनवर वडील को-अ‍ॅप्लिकंट असणार, तेव्हा जायच्या आधी स्वतःच्या नावावर एक कोटीचा टर्म प्लॅन घे, मेडिकल इथेच उरकतं आणि तुझ्या वयात प्रीमियम फार नसतो. बँक लोनसोबत स्वतःची पॉलिसी गळ्यात मारायला बघेल, ती घेण्याआधी दोन्हींचे प्रीमियम शेजारी ठेवून बघ.