तूरडाळीच्या डब्यामागचं चॉकलेट

"मॅडम, बाकी सगळं पाळते हो, पण चॉकलेट काही सुटत नाही." समुपदेशन करताना महिन्यातून तीन-चारदा तरी हे कानावर पडतं. माणसं वेगळी, पण आवाजातला अपराधीपणा तोच. जणू कुणाच्या कपाटातून पैसे काढलेत. म्हणून एक अनुभव सांगते. ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्या आहेत.

पुण्याच्या सहकारनगरातल्या एक ताई, वय पंचेचाळीसच्या आसपास. पहाटे तळजाईच्या टेकडीवर फिरणं, भाकरी, कोशिंबीर, सगळं शिस्तीत. आणि रात्री घर झोपलं की तूरडाळीच्या डब्यामागे दडवलेला चॉकलेटचा मोठा बार. तो संपल्याशिवाय हात थांबायचा नाही. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून टेकडीच्या दोन फेऱ्या आणि दुपारचं जेवण बंद. मग रात्री पोटात आग, आणि पुन्हा डाळीचा डबा.

पहिल्या काही भेटी "माझ्यात इच्छाशक्तीच नाही" ऐकण्यात गेल्या. एकदा मी सहज विचारलं, "चव कशी असते हो त्याची?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ओट्याशी उभ्याउभ्या, दिवा न लावता खाते. चव कुठली कळायला?"

पुढच्या भेटीत मी बशीत दोन तुकडे ठेवले. एक त्यांचं नेहमीचं मिल्क चॉकलेट, दुसरं ७० टक्के कोकोचं. म्हटलं, "चावू नका. जिभेवर ठेवून स्वस्थ बसा." कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडातल्या उबेनंच, वेळ दिला तर चॉकलेट आपणहून विरघळतं. दोन मिनिटं खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग नेहमीच्या तुकड्याबद्दल त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे केवढं गोड आहे! इतकी वर्षं मी हे खातेय?" दुसऱ्याला आधी तोंड वाकडं केलं. "कडू आहे." जरा वेळानं, "पण मागाहून छान लागतंय."

त्यांच्या डायरीत दर सोमवारी एकच ओळ असायची: 'आजपासून चॉकलेट खायचंच नाही.' मी पेन्सिलीनं फक्त 'च'भोवती गोल केला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी भिस्त आहे, आणि ती मराठीत शिकवायला 'च'सारखं अक्षर नाही, असं मी (जरा अभिमानानंच) म्हणते. 'खायचं नाही' ही इच्छा झाली. 'खायचंच नाही' हा हुकूम, आणि हुकूम मोडला की माणूस स्वतःला गुन्हेगार ठरवतो. एकदा गुन्हेगार ठरल्यावर अर्धा बार काय नि अख्खा काय! संकष्टीला हीच बाई साबुदाण्याची खिचडी दोनदा घेते आणि शांत झोपते.

मी आहारतज्ज्ञ नाही, पण हिशेब अवघड नाही. मिल्क चॉकलेटमध्ये साधारण निम्मी साखर असते, ७० टक्केवाल्यात फार तर ३० टक्के. उष्मांक मात्र दोन्हींत भरपूर, म्हणून 'डार्क आहे, कितीही खा' हेही खरं नाही. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ताईंच्या चार कप चहातच ती संपत होती, पण चहाचा अपराध कुणालाच वाटत नाही. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. साखर पहिली असेल तर ती मिठाई समजून खावी. जेवण झाल्यावर, बसून, दिवा लावून, दोन तुकडे. जेवण मात्र चुकवू नये. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि खाऊन मुद्दाम उलटी काढण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर हे घरगुती उपाय पुरे पडत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं.

ताईंचा बार आता जेवणाच्या टेबलावर, बडीशेपेच्या डबीशेजारी असतो. यजमान त्यातलं खातात, ही नवी तक्रार. मध्ये एका रात्री अख्खा बार संपला, तेव्हा सकाळी फोन आला.

"मग आज तळजाईच्या किती फेऱ्या?" मी विचारलं.

"एकच," त्या म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. "मॅडम, हा 'च' चालेल ना?"